पहिली डोंगरी एकचाकी : चाक किती इंचाचे?

मराठी माणसाने एकचाकी पाहिलेली असते ती बहुधा सर्कशीच्या तंबूत. सपाट रिंगण, बँडचा ताल आणि हात पसरून गोल गोल फिरणारा कसरतपटू, एवढेच तिचे चित्र डोळ्यांसमोर असते. त्याच एका चाकावरून दगडगोट्यांची पायवाट उतरता येते आणि सोमवारी सकाळी कामालाही जाता येते, हे सांगितले तर ऐकणारा दोनदा विचारून खात्री करून घेतो. पण ही गोष्ट आता जुनी झाली आहे. अलास्कातल्या स्यूअर्ड गावाच्या आसपास जॉर्ज पेक आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिस होल्म, या दोघांनी १९८० च्या दशकात एकमेकांची गंधवार्ता नसताना एकचाकी डोंगरात नेली. होल्मने १९९९ मध्ये स्वतःच्या नावाने डोंगरी एकचाकी बनवायला सुरुवात केली. तो पेशाने दरडी आणि भूस्खलनांचा अभ्यासक आहे. भूतानच्या डोंगरवाटांवर त्याने नेथन हूवरबरोबर केलेल्या प्रवासावर चित्रपटही निघाला. आज अनेक देशांत डोंगरी एकचाकीचे स्वार आहेत आणि साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या युनिकॉन या जागतिक मेळाव्यात डोंगरउताराच्या शर्यती होतात.

नव्याने येणाऱ्याचा प्रश्न मात्र तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे. एकच एकचाकी घ्यायची, तिने रविवारी डोंगर करायचा आणि आठवड्यात कामावर जायचे. मग कोणती घ्यावी? या प्रश्नाला जाणकारांकडून तीन-चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. प्रत्येकामागे खरा अनुभव असतो आणि तरीही ती एकमेकांना छेद देतात. त्या उत्तरांचा हा आढावा आहे आणि शेवटी माझे उत्तरही दिले आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. एकचाकीला चेन नाही, फ्रीव्हील नाही, गिअर नाही. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असते, त्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. उतारावर पाय स्थिर ठेवून सुटता येत नाही, चाक फिरते तोवर पाय फिरतात. सायकलवाला चढ आला की गिअर बदलतो. एकचाकीवाल्याने आपला गिअर दुकानातच निवडलेला असतो, कारण चाकाचा व्यास हाच त्याचा गिअर. म्हणून चाकाच्या निवडीवर इतकी भांडणे होतात.

हिशेब साधा आहे. मिनिटाला ९० फेरे ही सवयीच्या पायांची सहज गती धरू. शिकण्यासाठी वापरतात ते २० इंची चाक या गतीला ताशी साडेआठ किलोमीटर जाते. तीन इंच रुंद टायर घातलेले २४ इंची चाक ताशी ११, तसलेच २६ इंची ताशी १२ च्या जवळ, २९ इंची ताशी साडेबारा आणि ३६ इंची ताशी साडेपंधरा. कामाची जागा पाच किलोमीटरवर असेल तर २० इंचीवर पस्तीस मिनिटे, २९ इंचीवर चोवीस आणि ३६ इंचीवर एकोणीस-वीस मिनिटे लागतील. चालत गेले तर तासभर. सगळ्यांत मोठे चाकसुद्धा साध्या सायकलीची बरोबरी करत नाही, हे ज्याला मान्य नाही त्याने कामावर जायला सायकलच घ्यावी.

या आकड्यांत एक मेख आहे आणि पहिली खरेदी चुकते ती बहुधा इथेच. टायरवर छापलेला इंचाचा आकडा हा चाकाचा खरा व्यास नसतो. तो रिमच्या जातीचे नाव असतो. रिमचा व्यास ५०७ मिलिमीटर असलेल्या चाकाला आपण २४ इंची म्हणतो, ५५९ ला २६, ५८४ ला साडेसत्तावीस आणि ६२२ ला २९. त्यावर टायर किती जाड चढवला यावर जमिनीला टेकणारा खरा व्यास ठरतो. २४ च्या रिमवर तीन इंची टायर चढवला की तो साडेपंचवीस इंचांच्या पुढे जातो. एकचाकीच्या आंतरराष्ट्रीय धावपट्टी-शर्यतींच्या नियमात २४ इंची गटासाठी बाहेरचा व्यास ६१८ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डोंगरी २४ इंची हा ६५० च्या आसपास भरतो, म्हणजे नाव २४ असूनही तो त्या गटात बसत नाही. आणि साडेसत्तावीसच्या रिमवर तीन इंची टायर बसवला तर बाहेरचा व्यास सुमारे ७३० मिलिमीटर होतो. सव्वादोन इंची टायरचा २९ जवळजवळ तेवढाच. पुढच्या वादात हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आता पक्ष पाहू. जुन्या डोंगरी स्वारांचा पक्ष २४ इंचीचा. त्यांचे म्हणणे असे की डोंगरात वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा. लहान चाक लवकर थांबते, लवकर वळते, उडी मारायला हलके पडते आणि तोल गेला तर सावरायला एक फेरा लवकर मिळतो. पडलात तरी सीट कमरेखाली असल्यामुळे पाय जमिनीला लागतात. दगडांच्या पायऱ्या, झाडांची उघडी मुळे आणि उभे उतार हा ज्याचा रोजचा खुराक आहे त्याच्यासाठी हे खरेच आहे. पण तेच चाक डांबरी रस्त्यावर आणले की पाय भिंगरीसारखे फिरतात आणि अंतर सरत नाही. दोन किलोमीटरनंतर नवखा कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस कामावर एकचाकीने जाणे आठवड्याभरात सोडतो.

दुसरा पक्ष २९ चा. सलग, घसाऱ्याच्या पण फार खडकाळ नसलेल्या वाटा आणि रस्ता, दोन्हीकडे ते चाक घरंगळत जाते. बारीक खड्डे गिळते. मात्र पुढे ढकलण्याची आणि थांबवण्याची ताकद जास्त लागते आणि आधाराशिवाय वर चढणे नवख्याला अवघड जाते. ही शेवटची बाब दुकानात कोणी सांगत नाही. कामावर जाताना सिग्नलला, फाटकाला, अचानक आडव्या आलेल्या माणसापुढे दहा वेळा उतरावे लागते, आणि प्रत्येक वेळी खांब शोधत बसता येत नाही. जे चाक आपण रस्त्याच्या मधोमध, कशालाही न धरता, पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात चढू शकतो तेच आपले कामावर जायचे चाक. तुम्ही उंच असाल, वाटा सोप्या असतील आणि अंतर सात-आठ किलोमीटर असेल, तर २९ वाल्यांचे ऐकावे.

तिसरा पक्ष ३६ इंचीचा, आणि त्याची बाजू ऐकताना मोह होतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातला एड प्रॅट हा तरुण मार्च २०१५ मध्ये ३६ इंची एकचाकीवर घरून निघाला आणि जगाला फेरी मारून जुलै २०१८ मध्ये परतला. तेहतीस हजार किलोमीटरहून अधिक अंतर त्याने सामानासकट तोडले. लांबच्या रस्त्यासाठी या चाकाला तोड नाही. पण पहिली एकचाकी म्हणून ते घेऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. एकचाकीवर सुरक्षिततेचा एक जुना नियम आहे : जेवढ्या वेगाने तुम्ही पळू शकता तेवढ्याच वेगाने चालवा. बहुतेक पडण्यांत माणूस पुढे फेकला जातो, एकचाकी मागे राहते आणि चार पावले धावून तो सावरतो. बारा-तेरा किलोमीटरच्या वेगात हे जमते. पाय जोरात फिरवले की ३६ इंची गाठते त्या वीसच्या वेगात पाय जमिनीला लागतात तेव्हा ते पुरेसे वेगाने पळू शकत नाहीत, आणि मग तळहात, मनगट आणि हनुवटी यांची पाळी येते. नवख्याने त्या वेगाच्या वाट्याला जाऊ नये. डोंगरातल्या अरुंद वळणांवर तर ते चाक ओझेच होते.

चौथा मार्ग यंत्राचा आहे. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फने आसाच्या आतच दोन गिअर बसवणारा हब बनवला. आसाच्या दोन्ही टोकांना बटण असते, चालवता चालवता टाचेने ते दाबले की एका फेऱ्याला चाक दीडपटीहून थोडे अधिक फिरते. डोंगरात साधे आणि रस्त्यावर वेगवान, असे हे खरोखर दोन्ही कामांचे उत्तर आहे. एकट्या हबची किंमत मात्र चांगल्या अख्ख्या एकचाकीपेक्षा जास्त पडते, आणि वरच्या गिअरमध्ये तोल सांभाळणे ही वेगळीच विद्या आहे. दोन-तीन वर्षे चालवल्यावर या वाटेला जावे.

राहतात २६ आणि साडेसत्तावीस. माझे मत साडेसत्तावीसच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण वर दिलेल्या आकड्यांत आहे. तीन इंची टायर घातला की हे चाक बाहेरून २९ एवढेच होते. म्हणजे रस्त्यावरचा वेग २९ चा मिळतो. एकचाकीला कुठलेच सस्पेन्शन नसते, सगळा धक्का टायरमधल्या हवेने सोसायचा असतो, आणि ती हवा इथे भरपूर आहे. टायर बदलून अडीच इंची घातला की चाक थोडे लहान, हलके आणि रस्त्याला जास्त मानवणारे होते. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल किंवा वाट फार उभी असेल तर २६ घ्यावे, फरक थोडा आहे. भारतात राहणाऱ्याला आणखी एक कारण लागू पडते. २६, साडेसत्तावीस आणि २९ च्या ट्यूब नि टायर डोंगरी सायकलींमुळे शहरातल्या सायकलच्या दुकानात मिळतात. २४ चा तीन इंची किंवा ३६ चा टायर फाटला तर तो बाहेरून येईपर्यंत एकचाकी भिंतीला टेकून राहील.

हवेबद्दल दोन वाक्ये अधिक लिहायला हवीत, कारण डोंगर आणि रस्ता यांचे भांडण खरे इथे मिटते. पायवाटेवर तीन इंची टायरला पंधरा ते वीस पीएसआय पुरतात, तो दगडाभोवती दबतो आणि उसळत नाही. तोच टायर तेवढ्याच हवेवर डांबरी रस्त्यावर आणला की चाक आपल्या मनाने वळू लागते. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, रुंद मऊ टायर त्या उताराला चिकटतो आणि स्वाराला सतत कंबर वाकडी करून त्याला सरळ ठेवावे लागते. नवख्याला वाटते, आपल्यालाच चालवता येत नाही. खरे कारण हवा असते. कामावर निघताना पंपाचे पंचवीस-तीस हात मारावेत, शनिवारी रात्री तेवढी हवा सोडून द्यावी. छोटा पंप आणि हवा मोजायचे मीटर हा एकचाकीचाच भाग समजावा.

चाकानंतर क्रँक. क्रँक लांब असेल तर जोर जास्त मिळतो, चढ चढता येतो आणि चाक थांबवता येते. आखूड असेल तर पावलांचे वर्तुळ लहान होते आणि पाय गुळगुळीत फिरतात. १५० मिलिमीटरच्या क्रँकवर पावलाला एका फेऱ्यात ९४ सेंटीमीटर जावे लागते, १२५ च्या क्रँकवर ७८-७९. पाच किलोमीटरच्या रस्त्यावर हा फरक गुडघ्यांना कळतो. जुने डोंगरी स्वार १६५ आणि १७० वापरत, आता टायर नि ब्रेक सुधारल्यावर तेवढ्या लांबीची गरज क्वचितच पडते. दोन्ही कामे करणाऱ्यासाठी उत्तम सोय म्हणजे दोन भोकांचे क्रँक. एकाच क्रँकवर साधारण दोन-अडीच सेंटीमीटर अंतराने पायडलची दोन भोके असतात. शनिवारी पायडल बाहेरच्या भोकात, सोमवारी आतल्या. पंधरा नंबरचा पाना आणि पाच मिनिटे, एवढ्यात गिअर बदलतो. सगळ्या सुट्या भागांत आधी पैसे टाकावेत असा हा भाग आहे.

आणि हब. पहिल्या पिढीच्या डोंगरी स्वारांची खरी झुंज चढाशी नव्हती, आसाशी होती. साध्या एकचाकीत आसाचे टोक चौकोनी आणि निमुळते असते, त्यावर क्रँक दाबून नटाने आवळतात. सायकलला ते पुरते, कारण तिथे जोर जवळजवळ एकाच दिशेने लागतो. एकचाकीवर उतारात स्वार पायडलला उलटा जोर देऊन चाक रोखतो, चढात पुढे लोटतो आणि उडी मारून उतरताना अख्खे वजन दोन्ही पायडलवर आदळते. जोर सतत उलटसुलट होतो. क्रँक ढिला पडतो, अॅल्युमिनियमचे चौकोनी भोक गोल होते, आणि शेवटी आस वाकतो किंवा तुटतो. त्या काळी लोकांनी बीएमएक्स सायकलींचे दातेरी आस उसने घेऊन एकचाकीला बसवले. आज आयसिस नावाची रचना रूढ आहे, तिच्यात आसाच्या टोकाला दहा दाते असतात आणि क्रँक त्यांत घट्ट बसतो. पहिली डोंगरी एकचाकी घेताना बाकी कशावरही तडजोड करा, दातेरी हबवर करू नका. स्वस्त एकचाकीला जाड टायर लावून डोंगरी म्हणून विकलेली दिसते. ओळखायची खूण सोपी आहे : क्रँकच्या बोल्टजवळ वाकून आसाचे टोक पाहा. चौकोन दिसला तर ती रस्त्याची एकचाकी आहे.

हब निवडतानाच ब्रेकचा विचार करावा, लावायचा मात्र नंतर. शिकताना ब्रेक नसलेलाच बरा, हात मोकळे लागतात आणि घाबरून दाबला तर माणूस सरळ पुढे जातो. पण शंभर-दोनशे मीटरचा सलग उतार उतरायची वेळ आली की सगळे वजन मांड्या आणि गुडघ्यांवर येते. तिथे एका बोटाने हळूच धरलेला ब्रेक चाकाचा वेग बांधून ठेवतो आणि पाय फक्त तोल सांभाळतात. पूर्वी रिमवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक लावत, आता डिस्क ब्रेक सर्वत्र आले आहेत. डिस्क बसवण्याची सोय हब किंवा क्रँकमध्ये आणि फ्रेममध्ये आधीपासून असेल अशी एकचाकी घ्या.

सीटकडे लोक सगळ्यांत शेवटी पाहतात आणि तक्रार सगळ्यांत आधी तिचीच करतात. सायकलवर वजन हात, पाय आणि सीट यांत वाटले जाते. एकचाकीवर बसलेले असताना ते बहुतेक सीटवरच हवे. नवखा घाबरून ते पायडलवर टाकतो आणि दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. मधे खोलगट, पुढे मजबूत दांडा असलेली सीट घ्या. चढात तो दांडा एका हाताने वर ओढून पायांना जोर मिळतो. रस्त्यावर पाय जवळजवळ सरळ होईल एवढी सीट उंच ठेवावी, डोंगरात तीन-चार सेंटीमीटर खाली घ्यावी. गादी शिवलेली सायकलची चड्डी घातल्याने जांघेचे हाल निम्मे होतात.

फ्रेमबद्दल फार विचार नको. सायकलचा चिमटाच तो. गुडघे घासत नाहीत आणि रुंद टायरभोवती चिखलाला जागा राहते, एवढे पाहावे. पायडल प्लॅस्टिकचे, ओतीव खुंट्यांचे घ्यावे. धातूच्या टोकदार खुंट्या पकड चांगली देतात, पण पाय निसटला की नडगी सोलतात. नडगीचे आणि मनगटाचे संरक्षक आणि हेल्मेट यांचे पैसे आधी बाजूला काढून मग उरलेल्यात एकचाकी बसवावी.

जोडणी करताना एक चूक वारंवार होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सीट उलटी लावली गेली, म्हणजे डावा क्रँक उजव्या पायाखाली आला, की प्रत्येक फेऱ्यागणिक पायडल थोडे थोडे उघडत जाते आणि एके दिवशी क्रँकचे आटे उखडून बाहेर येते. डाव्या-उजव्याची अक्षरे क्रँकवर आणि पायडलवर कोरलेली असतात, ती पाहूनच जोडा. जुनी एकचाकी घेत असाल तर दोन्ही क्रँक हातांत धरून उलटसुलट हलवा. कट्कट् जाणवली तर क्रँकचे आतले दाते झिजलेत का ते पाहा.

कामावर जाण्याचा विचार करताना रस्ता आधी पायी चालून पाहा. एकचाकीला चेन नसल्यामुळे पँटच्या पायाला वंगण लागत नाही, सहा-सात किलोचे वाहन हातात धरून जिना चढता येतो आणि ते टेबलाखाली मावते. बसने किंवा लोकलने जाणाऱ्याला स्टेशनपासूनचे शेवटचे दोन किलोमीटर तिच्यावर सहज होतात. पाठीवरचे ओझे मात्र तोल बदलते, म्हणून पहिले पंधरा दिवस रिकाम्या पाठीने जा. पावसात मागच्या बाजूला चिखलाची रेघ उठते आणि भिजलेले पायडल घसरते. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला आतल्या गल्ल्यांचा रस्ता आणि पायवाट दोन्ही दाराशी आहेत, तरी टेकडीवर सकाळच्या चालणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावरच जावे आणि माणूस दिसला की उतरावे. दुचाकी आणि बसच्या गर्दीच्या मुख्य रस्त्यावर एकचाकी नेऊ नये. सिग्नल सुटताना मागचा वाहनचालक तुमच्याकडून दोन चाकांच्या वागण्याची अपेक्षा करतो, आणि ती एका चाकाला पुरी करता येत नाही.

अजून एकचाकी येतच नसेल तर? मग कोणाची तरी जुनी २० किंवा २४ इंची मागून आणा. रोज अर्धा तास, भिंत किंवा कुंपण धरून. बहुतेकांना आधाराशिवाय शे-पन्नास मीटर जायला दहा-पंधरा तासांचा सराव लागतो, आणि न धरता चढायला आणखी तेवढाच. तेवढे झाले की साडेसत्तावीस इंची, दातेरी हबची, दोन भोकांच्या क्रँकची आणि डिस्कची सोय असलेली एकचाकी मागवा. तीन इंची टायर घाला, ब्रेक नंतर लावा, आणि पहिला महिना डोंगर दूर ठेवून मोकळ्या मैदानात घालवा.